गिअरची मूठ चमकते, बुश मात्र झिजलेला

आमचा धंदा कापडाचा. मालेगावहून भिवंडीला महिन्यातून दोन-तीन फेऱ्या होतात, आणि ड्रायव्हर न ठेवता आम्ही स्वतःच गाडी चालवतो. गाडी जुनी, हाताने गिअर बदलण्याची. मध्यंतरी तिचा गिअर दांडा सैल झाला होता. न्यूट्रलमध्ये असतानाही तो वाऱ्यावरच्या फांदीसारखा हलायचा आणि तिसरा टाकायला जावे तर पाचवा पडायचा.

चिरंजीव म्हणाले, ''अब्बा, याला शॉर्ट शिफ्टर बसवू, वर वजनदार धातूची मूठ लावू. गाडी नव्यासारखी होईल.'' आम्ही सध्या मूठच बसवा म्हटले. दुकानदाराने कुठल्याही गाडीला चालते म्हणून एक चकचकीत मूठ दिली. तीन बारीक स्क्रू आवळले, पैसे घेतले आणि बिल दिले नाही.

पंधरा दिवसांनी कसारा घाट उतरताना, पुढे भरलेला ट्रक आणि मागे एस.टी. असताना, तिसऱ्यावरून दुसरा टाकायला गेलो तर मूठ हातात आली! उतारावर गाडी लहान गिअरमध्ये ठेवून इंजिनानेच रोखावी लागते, नुसत्या ब्रेकवर विसंबले की ते तापून निकामी होतात. उघड्या दांड्याला हात घालून कसाबसा दुसरा गिअर टाकला. जीव वाचला, पण हा तजुर्बा वाचकांपुढे ठेवणे आम्हाला आवश्यक वाटते.

भिवंडीत एका जुन्या उस्तादांकडे गाडी नेली. त्यांनी मुठीकडे पाहिलेसुद्धा नाही. इंजिन बंद करून, क्लच दाबून सर्व गिअर टाकून पाहिले. मग इंजिन सुरू करून तेच केले. म्हणाले, ''सेठ, इंजिन बंद असताना गिअर सहज पडतो आणि सुरू असताना करकरतो, तर दोष क्लचचा. एकाच गिअरला करकर असेल तर आतली सिंक्रो कडी झिजली. सकाळी जड आणि गाडी तापल्यावर हलका, तर गिअर ऑइल बघा. तुमचा दांडा तर दोन्ही वेळा सैल आहे. बुश गेलेत.''

बुश म्हणजे सांध्यातील रबराचे किंवा प्लॅस्टिकचे अस्तर. बहुतेक लहान मोटारींत गिअर बॉक्स पुढे बॉनेटखाली असतो. आपल्या हातातला दांडा सळ्यांनी किंवा दोन केबलींनी त्याला जोडलेला असतो. या सांध्यांतले अस्तर झिजले की हाताची चाल गिअर बॉक्सपर्यंत पुरी पोहोचत नाही. उस्तादांनी अस्तरे बदलली आणि तासाभरात दांडा ताठ झाला. खर्च त्या मुठीच्या निम्म्याहून कमी!

याचा अर्थ शॉर्ट शिफ्टर किंवा नवी मूठ वाईट, असे आमचे म्हणणे नाही. पण वस्तू काय काम करते हे जाणून पैसे टाकावेत. उर्दू शाळेत आम्ही ज्याला 'बैरम' म्हणून शिकलो, तीच मराठी पुस्तकातली तरफ. गिअर दांडा ही तरफच आहे. शॉर्ट शिफ्टर टेकूच्या वरच्या आणि खालच्या भागांचे प्रमाण बदलतो. त्यामुळे हात कमी फिरतो, पण जोर जास्त लागतो. फुकट काहीच मिळत नाही. शिवाय घाईने दामटून गिअर टाकण्याची सवय लागली की सिंक्रो कडी लवकर झिजते. वजनदार मूठ आपल्या वजनाने चाल पुढे नेते म्हणून गिअर गुळगुळीत पडल्यासारखा वाटतो. मात्र धातूची मूठ मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत हाताला चटका देते.

मूठ घ्यायचीच असेल तर आधी दांड्याचे आटे तपासावेत. होंडाच्या अनेक गाड्यांत ते 10 मिलिमीटर जाडीचे, 1.5 अंतराचे असतात, तर टोयोटाच्या अनेक गाड्यांत 12 मिलिमीटरचे, 1.25 अंतराचे. तेव्हा 'सर्वांना चालते' ही बोली तपासल्याशिवाय मानू नये. काही गाड्यांत रिव्हर्ससाठी मुठीखालची कडी वर ओढावी लागते. नव्या मुठीने ती अडता कामा नये. मुठीवर गिअरचा नकाशा असावा, कारण रिव्हर्स काही गाड्यांत उजवीकडे मागे असतो, तर काहींत डावीकडे पुढे. गाडी वॉरंटीत असेल तर शॉर्ट शिफ्टर बसवण्यापूर्वी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्यावे. आणि बिल पक्के मागावे. मोटारीच्या ज्या सुट्या भागांवर पूर्वी 28 टक्के जीएसटी होता, तो 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्क्यांवर आला आहे. ती सूट गिऱ्हाइकाच्या पदरात पडली की नाही, हे बिलाशिवाय कळणार कसे?

आता मुद्द्याची गोष्ट. आम्ही कापडवाले जाणतो की गिऱ्हाईक आधी चमक पाहते, ताणा-बाणा नंतर. खळ लावून विरळ कापड भारी दाखवता येते, पण पहिल्या धुण्यात त्याचे पितळ उघडे पडते आणि ते गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. गाड्यांच्या सजावटीच्या दुकानांतही तेच चालले आहे. मूठ विकण्यात नफा अधिक, अस्तर बदलण्यात मेहनत अधिक. म्हणून जो तो मूठ विकतो.

पण दोष एकट्या दुकानदाराचा नाही. चमकत्या मुठीला आम्ही न घासाघीस करता पैसे दिले आणि उस्तादांच्या मजुरीत मात्र पन्नास रुपये कमी करा म्हणालो. ते हसून म्हणाले, ''सेठ, तुम्ही कापडाचा भाव वजनावर करता की चमकेवर?'' आम्ही मान खाली घालून पुरी मजुरी दिली. ज्याने दोष ओळखला त्याचे पैसे कापायचे आणि ज्याने झाकला त्याला पुरे मोजायचे, हा कुठला हिशेब? असेच चालले तर कोणता शागीर्द गाडीखाली झोपून हे काम शिकेल?

तेव्हा आमची सूचना साधी आहे. सैल दांडा घेऊन गिऱ्हाईक आले तर दुकानदाराने आधी त्याला मिस्त्रीकडे पाठवावे, मूठ मागून विकावी. दोघांत समजूत असेल तर दोघांचाही धंदा वाढेल. आणि गिऱ्हाइकाने मजुरीला खर्च न समजता माल समजावे. ती मूठ आम्ही दुकानाच्या गल्ल्यावर कागद दाबायला ठेवली आहे. त्या कामी ती चांगली आहे.