विश्लेषण : शब्दांच्या खेळात तहान किती खरी असावी?

‘तुम्हाला तहान लागली आहे.’ पडद्यावर ही ओळ उमटते. खेळणारा पाणी पिण्याची आज्ञा टाइप करतो. थोड्या वेळाने तीच ओळ पुन्हा! चित्रांऐवजी केवळ मजकुरावर चालणाऱ्या ऑनलाइन खेळांत हे वर्षानुवर्षे सुरू आहे. त्याने जग खरे वाटते, की नुसता वैताग येतो?

हे खेळ आले कुठून?

ब्रिटनच्या एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने ‘मड’ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे नेला. एकाच काल्पनिक जगात अनेकांनी एकाच वेळी वावरायचे, तेही शब्दांतून. पुढे अशा सगळ्याच खेळांना ‘मड’ म्हटले जाऊ लागले.

तहान कधी खटकते?

कोपनहेगन विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ‘डिकूमड’ बनवला. त्यात तहानलेल्या पात्राचा थकवा आणि जखमा सावकाश भरून येतात. पण शहरात कारंज्याचे पाणी फुकट. म्हणजे ठरवायचे काहीच नाही, फक्त टाइप करायचे. असे काम खेळाडू सरळ मॅक्रोवर सोपवतात; आणि जे मॅक्रोवर सोपवले जाते, त्याला खेळ कशाला म्हणायचे? याउलट ‘आर्मागेडन’चे जग वाळवंटी. तिथे पाणी दुर्मीळ, म्हणून ते मोलाचे. प्रवासाला निघावे की नाही, कुणावर विसंबावे, हे प्रश्न तहानेतूनच उभे राहतात. अशी तहान हवीच.

आणि मरण?

‘आर्मागेडन’मध्ये मेलेले पात्र परत येत नाही, ‘अकेया’मध्ये येते. कायमच्या मरणाने प्रत्येक पावलाला वजन येते, हे खरे. पण महिनोन् महिने घडवलेले पात्र मोबाइलची रेंज गेली म्हणून मरणार असेल, तर तो अन्यायच. धोका आधी दिसला पाहिजे, परतीची वाट असली पाहिजे. त्यानंतरही पुढे गेलेल्याने तक्रार करू नये.

हा वाद क्षुल्लक का नाही?

अनेक अंध खेळाडू स्क्रीन रीडरच्या साहाय्याने हे खेळ खेळतात. चित्रांवर चालणारे बहुतेक खेळ त्यांना बंदच असतात. डोळस खेळाडू तहानेची ओळ नजरेआड करू शकतो; त्यांना मात्र ती दर वेळी ऐकावी लागते, आणि ऐन लढाईत शत्रूचा वार सांगणारी ओळ तिच्यामागे अडकते. अशी सूचना बंद करण्याची सोय देणे खेळ बनवणाऱ्यांना फारसे अवघड नाही.