सायलेन्सरची ठिणगी आणि कडब्याची गंज

ज्वारीची काढणी उरकली की आमच्या करमाळा तालुक्यात वाडी-वस्तीवर कडब्याच्या गंजी उभ्या राहतात. आणि उन्हे तापू लागली की आमच्याकडे अर्ज लिहून घ्यायला येणाऱ्यांत एखादा तरी ‘गंज जळाली, मदत मिळावी’ असे सांगणारा असतोच. पंचनाम्यात आगीचे कारण बहुधा ‘अज्ञात’ असते. कोणी बिडीचे नाव घेतो, कोणी विजेच्या तारेचे. गंजीला टेकून उभ्या केलेल्या मोपेडवर मात्र कोणाचा संशय जात नाही.

मोपेड ही गरिबाची बैलगाडी आहे. १९७२ साली लूना आली, पुढे टीव्हीएसची गाडी आली, आणि आज आपल्या वस्त्यांवर दुधाचे कॅन, पिठाचा डबा, शेळीचे करडू आणि कडब्याच्या पेंढ्या तीच वाहते. ती रस्त्यावर कमी आणि बांधावर, माळावर, ओढ्यात जास्त चालते. परदेशात हौसेने छोट्या मोटारसायकली रानात पळवतात. आपल्याकडे ते पोटासाठी करावे लागते, एवढाच फरक.

आता ठिणगी येते कुठून ते पाहू. इंजिनात पेट्रोल आणि तेल पुरते जळत नाही, त्याची काजळी सायलेन्सरमध्ये थराथराने बसते. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत हे प्रमाण फार. फोर-स्ट्रोक एक्सएल १०० सारख्या गाड्यांत ते कमी, पण रिंग झिजून गाडी ऑइल जाळू लागली की तीही तोच धंदा करते. मग दोन पोती लादून चढावर मूठ पिळली, की थराचा तुकडा सुटतो आणि लाल होऊन मागच्या नळीतून बाहेर पडतो. डांबरावर पडला तर विझतो. एप्रिलातल्या कुसळी गवतावर पडला तर?

हे दुखणे नवे नाही. १८५९-६० साली जेऊर, केम या बाजूने रेल्वे सोलापूरकडे गेली, तेव्हा कोळशाचे इंजिन होते. अशा इंजिनांच्या ठिणग्यांनी रुळाकडेचे गवत पेटते हे जगभर अनुभवाला आले होते, म्हणून धुराड्याच्या वाटेत जाळी बसवत. त्याच जाळीचा धाकटा भाऊ म्हणजे स्पार्क अरेस्टर. अमेरिकेत सरकारी जंगलात मोटारसायकल न्यायची तर तो लागतोच. जाळीचा असेल तर तिचे भोक ०.०२३ इंचाहून, म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त, एवढ्याहून मोठे चालत नाही. दुसऱ्या प्रकारात जाळी नसते. आतली पाती धूर भोवऱ्यासारखा फिरवतात, जड कण कडेला फेकले जाऊन साचतात आणि धूर तेवढा बाहेर जातो.

आपल्याकडेही कायदा आहे, पण तो मोठ्यांसाठी. धोकादायक माल वाहणाऱ्या मालमोटारीला स्पार्क अरेस्टर हवा, असा नियम १९९३ च्या दुरुस्तीने केंद्रीय मोटार वाहन नियमांत आला. पेट्रोलच्या टँकरला तो लागतो. कडबा मात्र धोकादायक मालात मोडत नाही. ज्याच्या दारात तो आहे त्याला विचारा! आम्ही कॉमर्सचे विद्यार्थी, म्हणून हिशेब मांडतो. घरी दोन जनावरे, प्रत्येकी रोज सहा किलो कडबा धरला तर दिवसाला बारा किलो. फेब्रुवारी ते मे असे चार महिने, १२० दिवस. म्हणजे १,४४० किलो. एवढा वैरणीचा साठा एका रात्रीत गेला तर भूमिहीन माणूस तो पुन्हा विकत घेत नाही, तो गाय विकतो. गाय गेली की पोरांच्या वह्या-पुस्तकांचा दूधपैसाही गेला.

म्हणून बसवायचे कसे ते सांगतो. काम गाडी पूर्ण थंड असताना करावे. आधी सायलेन्सरचे शेपूट सोडवून आतली भोकाभोकांची नळी काढावी आणि काजळी खरवडून घ्यावी. निम्मे काम इथेच होते, आणि याला फक्त पाना लागतो. मग नळीचा व्यास मोजून त्याच मापाचा अरेस्टर आणावा, शेपटावर चढवून क्लॅम्पने आवळावा. सांध्यातून धूर फुसफुसत असेल तर ठिणगीलाही वाट आहे असे समजावे. कंपनीचा सायलेन्सर कापून वेल्डिंग करू नये. चहाची गाळणी किंवा डासांची जाळी तारेने बांधण्याची शक्कल तर मुळीच नको. ती उष्णतेने विरघळते किंवा काजळीने तुंबते, धूर कोंडतो आणि इंजिन तापते. चांगली स्टीलची जाळीही महिन्या-दोन महिन्यांनी काढून ब्रशने झाडावी लागते. गाडी चढावर दम सोडू लागली की आधी जाळी पाहावी.

मात्र अरेस्टर ठिणगी अडवतो, तापलेली नळी थंड करत नाही. पेंढ्या सायलेन्सरला घासतील अशा बांधू नयेत, आणि माळावरून आल्यावर नळीला अडकलेला पाला काढावा. २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्यांत धूर शुद्ध करणारा भाग फार तापतो, तिथे तर जास्तच जपावे. २०२४ साली विजेवरची लूना आली आहे, तिला धूरच नाही. पण ती घेण्याची ऐपत येईपर्यंत जुनीच चालवायची आहे.

तरुण मित्रांना एक सांगायचे आहे. आतली नळी काढून सायलेन्सर पोकळ करायचा आणि मिरवणुकीत फटाक्यासारखे बार काढायचे, हे चौदा एप्रिलला आपल्याही काही पोरांनी सुरू केले आहे. बार म्हणजे नळीच्या तोंडाशी निघणारा जाळच. मिरवणूक वस्तीतून जाते, वस्तीत गंजी आहेत, आणि अग्निशामक गाडी शहरातून निघून पोहोचेपर्यंत विझवायला काही उरत नाही. त्या नळ्या मेकॅनिकच्या दुकानात कोपऱ्यात पडून असतात. परत आणा आणि बसवा. गाडी गंजीपासून वीस पावले लांब लावा, नि परड्यात पाण्याचे एक पिंप भरून ठेवा.