देणगी भाविकांची, नियुक्ती सत्तेची

शिर्डीच्या श्री साईबाबा संस्थानचा कारभार कोणी पाहावा, या प्रश्नाचे उत्तर गेली अनेक वर्षे मंत्रालयापेक्षा न्यायालयातच अधिक वेळा शोधावे लागले आहे. १३ सप्टेंबर २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने राज्य सरकारने वर्षभरापूर्वी नेमलेली व्यवस्थापन समिती रद्दबातल ठरवली, आठ आठवड्यांत नवी समिती नेमण्यास सांगितले आणि तोपर्यंतचा कारभार प्रधान जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील तीन सदस्यांच्या समितीकडे सोपवला. आठ आठवडे केव्हाच उलटून गेले. तदर्थ समिती मात्र त्यानंतर काही वर्षे काम पाहत राहिली. तात्पुरती म्हणून केलेली व्यवस्थाच कायमची वाटू लागावी, असे या संस्थानात घडण्याची ही पहिली वेळ नव्हती.

एरवी देवस्थानाच्या कारभाऱ्यांतील वाद हा त्या गावापुरता विषय मानला गेला असता. शिर्डीचे तसे नाही. भाविकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या देशातील मोठ्या संस्थांत या संस्थानाची गणना होते. दर्शनरांग आणि समाधी मंदिर हे तिचे दिसणारे रूप. परंतु त्याच्या जोडीला प्रसादालय, भक्तनिवास, शाळा-महाविद्यालये आणि दोन रुग्णालये ती चालवते. साईनाथ रुग्णालय आणि सुपर स्पेशालिटी रुग्णालय यांच्या दारात नगर, नाशिक आणि मराठवाड्याच्या खेड्यांतून येणारा माणूस भाविक म्हणून येतोच असे नाही. खासगी रुग्णालयाचा खर्च झेपत नाही म्हणून तो येतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी तारीख मिळण्याची वाट पाहणाऱ्या त्या रुग्णाला व्यवस्थापन समितीत कोण बसले आहे, याच्याशी देणेघेणे नसते. पण यंत्रसामग्रीची खरेदी, तज्ज्ञ डॉक्टरांची भरती, खाटांची वाढ हे सारे निर्णय अखेर त्याच समितीच्या टेबलावर जातात. समितीच अधिकारहीन असेल, तर त्याची किंमत प्रथम हा रुग्ण मोजतो.

कायदा काय सांगतो?

साईबाबांचे महानिर्वाण १५ ऑक्टोबर १९१८ रोजी झाले आणि १९२२ मध्ये संस्थान आकाराला आले. पुढील आठ दशके न्यायालयाने मंजूर केलेल्या योजना आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा यांच्या चौकटीत त्याचा कारभार चालला. उत्पन्न वाढत गेले, भाविकांचा ओघ राज्याबाहेर आणि देशाबाहेर पोहोचला, तशी ही चौकट अपुरी पडू लागली. म्हणून २००४ मध्ये विधिमंडळाने श्री साईबाबा संस्थान विश्वस्तव्यवस्था (शिर्डी) अधिनियम हा स्वतंत्र कायदा केला. त्यापूर्वी मुंबईच्या प्रभादेवीतील सिद्धिविनायक मंदिरासाठी १९८० मध्ये आणि पंढरपूरसाठी १९७३ मध्ये असेच स्वतंत्र कायदे झाले होते.

शिर्डीचा कायदा कागदावर विचारपूर्वक केलेला आहे. व्यवस्थापन समितीची मुदत तीन वर्षांची. अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि सदस्य राज्य सरकारने नेमायचे. परंतु त्यांत कायदा, व्यवस्थापन, अभियांत्रिकी, सार्वजनिक आरोग्य, ग्रामविकास यांसारख्या क्षेत्रांतील जाणकारांना ठरावीक जागा द्यायच्या. महिलांना आणि दुर्बल घटकांना प्रतिनिधित्व द्यायचे. दैनंदिन कारभार सरकारी सेवेतील मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने पाहायचा आणि समितीने धोरण ठरवून त्याच्यावर देखरेख ठेवायची. धोरण आणि अंमलबजावणी यांची ही विभागणी कोणत्याही मोठ्या सेवाभावी संस्थेच्या कारभाराचा कणा असते. म्हणजेच शिर्डीचे दुखणे कायदा नसल्याचे नाही. कायद्याने जे ठरवले, ते वेळेवर आणि त्याच हेतूने करण्याची इच्छा नसल्याचे ते आहे.

गेल्या दोन दशकांचा क्रम पाहिला की हे ध्यानात येते. कायद्यानंतर नेमलेली समिती तीन वर्षांची मुदत संपूनही मुदतवाढीवर चालू राहिली. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला आणि कारभार जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी व मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्या समितीकडे गेला. सरकारनियुक्त समिती पुन्हा आली ती २०१६ मध्ये. तिची मुदत २०१९ मध्ये संपली, तेव्हा पुढची समिती तयार नव्हती. पुन्हा तदर्थ समिती आली. सप्टेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या महाविकास आघाडी सरकारने सत्ताधारी पक्षाच्या आमदाराच्या अध्यक्षतेखाली नवी समिती नेमली. कायदा आणि नियमांतील निकष डावलून या नेमणुका झाल्याचा आक्षेप घेऊन याचिका दाखल झाली, समितीच्या निर्णयाधिकारावर न्यायालयाचे निर्बंध आले आणि वर्षभरात समितीच गेली. या साऱ्या काळात राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादी, भाजप-शिवसेना आणि महाविकास आघाडी अशी वेगवेगळ्या रंगांची सरकारे होती. सरकारे बदलली, रीत तीच राहिली. त्यामुळे हा एखाद्या पक्षाचा दोष म्हणून बाजूला सारता येत नाही.

महामंडळांच्या पंगतीत

यामागील कारण सर्वांनाच ठाऊक आहे. मंत्रिपद न मिळालेल्यांची, निवडणुकीत उमेदवारी नाकारलेल्यांची समजूत घालण्यासाठी जशी महामंडळे असतात, तशीच मोठ्या देवस्थानांची अध्यक्षपदे मानली जाऊ लागली. २०२१ मध्ये शिर्डी कोणत्या घटक पक्षाकडे आणि पंढरपूर कोणाकडे, याची वाटणी झाल्याच्या बातम्या उघडपणे प्रसिद्ध झाल्या आणि त्यात कोणालाही वावगे वाटले नाही. आघाडीचे राजकारण म्हटले की वाटणी लांबते. वाटणी लांबली की नेमणूक लांबते. आणि अखेर नेमणूक होते तेव्हा तज्ज्ञांच्या जागी कार्यकर्त्यांची सोय लावलेली असते. आरोग्य क्षेत्राच्या जाणकारासाठी ठेवलेली जागा ही उपचार नव्हे, गरज आहे, याचा विसर येथेच पडतो.

नेमणारा आणि नेमला जाणारा यांच्यातील या नात्याचा परिणाम नुसता नावांच्या यादीपुरता राहत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी संस्थानकडून ५०० कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज घेण्यास राज्य सरकारने मान्यता दिली. अकोले, संगमनेर, राहाता, कोपरगाव या तालुक्यांतील शेतकऱ्यांनी या कालव्यांची कित्येक वर्षे वाट पाहिली होती, हे खरेच. साईबाबांच्या नावाने जमलेला पैसा तहानलेल्या गावांना मिळाला तर त्यात गैर काय, हा युक्तिवादही भावनेला पटणारा आहे. पण पाटबंधारे प्रकल्पाचा खर्च ही सरकारच्या अर्थसंकल्पाची जबाबदारी आहे. ज्या सरकारने समिती नेमली, त्याच सरकारला त्या समितीने बिनव्याजी कर्ज द्यायचे, यात घेणारा आणि देणारा यांच्यातील अंतरच संपते. खासगी कंपनीच्या संचालकाने असा व्यवहार केला, तर त्याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात. येथे प्रश्न पाण्याच्या गरजेचा नव्हता. ‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य समितीला होते का, हा होता. हा निर्णय पुढे न्यायालयात वादग्रस्त ठरला, ही त्याची स्वाभाविक परिणती होती.

शिर्डी याला अपवाद नाही. सिद्धिविनायक न्यासाच्या निधिवाटपाविषयी तक्रारी आल्या, तेव्हा उच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती व्ही. पी. टिपणीस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. राजकीय व्यक्तींच्या शिफारशींवरून संस्थांना दिल्या जाणाऱ्या देणग्या हा त्या वेळीही चर्चेचा मुख्य मुद्दा होता.

इतर वाटा

सरकारने हात काढून घ्यावा, म्हणजे सारे सुरळीत होईल, असे म्हणणारा एक वर्ग आहे. त्याच्या समोर शेगाव असते. श्री गजानन महाराज संस्थानची स्थापना महाराजांच्या हयातीत, १९०८ मध्ये झाली. हजारो सेवेकऱ्यांची पाळीपाळीने होणारी विनामोबदला सेवा, स्वच्छता, शिस्त, दवाखाने आणि १९८३ पासूनचे अभियांत्रिकी महाविद्यालय यांमुळे या संस्थानाचा लौकिक राज्यभर आहे. ४ ऑगस्ट २०२१ रोजी निधन पावलेले शिवशंकरभाऊ पाटील यांनी अनेक दशके त्याची धुरा वाहिली. पदाचा कोणताही लाभ न घेता काम करणारा विश्वस्त कसा असतो, याचे ते उदाहरण ठरले. मात्र शेगावचे यश हे मोठ्या प्रमाणात एका व्यक्तीने घालून दिलेल्या शिस्तीचे यश आहे. शिवशंकरभाऊ कायद्याने निर्माण करता येत नाहीत. ज्या विश्वस्त मंडळात रिकाम्या जागा उरलेले विश्वस्तच भरतात, तेथे माणसे चांगली असली तर संस्था बहरते. नसली तर ती काही घराण्यांची मिरासदारी होते आणि बाहेरच्या कोणालाही ती विचारता येत नाही.

मग निवडणूक घ्यावी का? त्याचे उत्तर मुंबईच्या पारशी पंचायतीकडे आहे. तीन शतकांहून जुनी ही संस्था समाजातील गरजूंसाठी घरे, वैद्यकीय मदत आणि डुंगरवाडीची व्यवस्था पाहते. विश्वस्तांनीच विश्वस्त नेमण्याची तिची पद्धत १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर आणि न्यायमूर्ती बीमन यांच्यासमोर टिकली नाही. पुढे मर्यादित मतदारांचे मंडळ आले आणि २००८ मध्ये सर्व प्रौढ सभासदांना मताधिकार देऊन सात विश्वस्त निवडले गेले. लोकशाहीकरणाचे हे पाऊल स्वागतार्हच होते. परंतु त्यानंतर प्रचारावरील खर्च, गटबाजी आणि विश्वस्तांतील कोर्टबाजी यांचीही चर्चा वाढली. निवडून आलेल्या मंडळाने २००९ मध्ये दोन धर्मगुरूंवर घातलेली बंदी २०११ मध्ये उच्च न्यायालयात टिकली नाही. शिवाय पारशी पंचायतीला निदान मतदारयादी करता येते. साईबाबांच्या भक्तांची यादी कोण करणार? ज्या संताला कोणत्याही एका धर्माच्या चौकटीत बसवता आले नाही, त्याच्या भक्तांना मतदार ठरवण्याचा प्रयत्नच नवे वाद उभे करील.

न्यायालयीन समितीचा पर्यायही कायमचा नव्हे. तिच्यामुळे गैरप्रकारांना आळा बसतो, हे मान्य. पण जिल्हा न्यायाधीशांचे मुख्य काम न्यायदानाचे आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या डोक्यावर जिल्हा आहे आणि दोघांचीही बदली ठरलेली आहे. अशी समिती तिजोरी सांभाळू शकते. पुढील दहा वर्षांत रुग्णालयाचे काय करायचे, वैद्यकीय शिक्षणात उतरायचे की नाही, गर्दीचे नियोजन कसे करायचे, याचा आराखडा ती आखणार नाही. तिच्याकडून ती अपेक्षाही नाही. राखणदार आणि घरधनी यांच्यात जो फरक असतो, तोच येथे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच रतिलाल गांधी खटल्यात मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याचा विचार करताना एक भेद स्पष्ट केला होता. धार्मिक संस्थांच्या मालमत्तेच्या कारभाराचे कायद्याने नियमन करण्याचा अधिकार राज्याला आहे; नियमनाच्या नावाखाली धर्मसंप्रदायाच्या हातून कारभारच काढून घेण्याचा मात्र नाही. शिर्डीची कायदेशीर स्थिती वेगळी असली, तरी त्यामागील विवेक तेथेही लागू पडतो. सरकारने पहारा द्यावा, मालकी सांगू नये.

तेव्हा प्रश्न कोण नेमतो, एवढाच नाही. कोणत्या निकषावर, कोणत्या तारखेला आणि कोणाला उत्तर देऊन नेमतो, हा आहे. यासाठी फार मोठ्या क्रांतीची गरज नाही. समितीची मुदत संपण्यापूर्वी सहा महिने जाहिरात देऊन अर्ज मागवावेत. निवृत्त न्यायमूर्ती, धर्मादाय आयुक्त आणि आरोग्य क्षेत्रातील एखादी मान्यवर व्यक्ती यांच्या निवड समितीने नावे सुचवावीत आणि कोणत्या पात्रतेवर कोणाची निवड झाली, हे प्रसिद्ध करावे. विद्यमान आमदार-खासदार आणि पक्षांचे पदाधिकारी यांना या पदांपासून दूर ठेवावे. सदस्यांनी आपले व आप्तांचे ठेके, संस्था, व्यवसाय जाहीर करावेत आणि सरकारशी होणारा प्रत्येक मोठा आर्थिक व्यवहार स्वतंत्र छाननीशिवाय मंजूर होऊ नये. रुग्णालयांसाठी डॉक्टरांचा सहभाग असलेली वेगळी उपसमिती असावी. आणि मुदत संपली की समिती संपावी. मुदतवाढीची पळवाट बंदच व्हावी.

यातील बहुतेक गोष्टी सरकारने मनात आणल्या तर नियमांत दुरुस्ती करून होण्यासारख्या आहेत. त्या होत नाहीत, कारण त्या झाल्या तर वाटायला एक पद कमी होते. दानपेटीत दहा रुपये टाकणारा भाविक त्याची पावती मागत नाही. पैसा योग्य कामी लागेल, या विश्वासावर तो पुढे सरकतो. विश्वस्त हा शब्द त्या विश्वासावरूनच आला आहे. वारंवार न्यायालयात जाऊन तो सिद्ध करावा लागत असेल, तर दोष देणाऱ्याचा नाही, नेमणाऱ्याचा आहे.