माळ्यावरचे घर

गेल्या महिन्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध बाई हातात मोबाइल घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त बरीच वर्षे न्यू यॉर्कला असतो. बाई म्हणाल्या, "फादर, एवढे शिकूनसवरून मुलगा परदेशी गेला आणि आता म्हणतो, लॉफ्ट विकत घेतो. माळ्यावरच राहायचे होते, तर आमच्या स्वयंपाकघरातला माळा काय वाईट होता?"

आम्हांस हसू आले. पण बाईंची खरी काळजी निराळीच होती. मुलापुढे एक कागद आला होता. "दलाल म्हणतो, सही करा, सगळेच करतात. पण त्याचे मन घेत नाही. तो मला विचारतो, आणि मला त्यातले काय कळते? म्हणून मी तुम्हांला विचारते." आम्ही त्या मुलाशी फोनवर सविस्तर बोललो. पुढे जे ध्यानी आले, ते वाचकांपुढे ठेवण्याजोगे वाटले; कारण 'सगळेच करतात' हा न्याय समुद्रापलीकडे जितका चालतो, तितकाच आपल्या आळीतही चालतो.

तेथे लॉफ्ट म्हणजे माळा नव्हे. जुन्या कारखान्याचा किंवा वखारीचा अखंड मजला. हा मुलगा जेथे घर पाहत होता, तो मॅनहॅटनमधील भाग म्हणजे सोहो. एकोणिसाव्या शतकात तेथे व्यापाऱ्यांनी ओतीव लोखंडाच्या दर्शनी भागांच्या इमारती उभारल्या. दगडात घडवायचे खांब आणि कमानी साच्यात ओतायच्या, आणि त्यांचे तुकडे बोल्टांनी जोडायचे. खांब बारीक, म्हणून खिडक्या मोठ्या. आणि आत उजेड भरपूर. ज्यांनी मुंबईत काळा घोड्याजवळचे जुने वॉटसन हॉटेल पाहिले असेल, त्यांस लोखंडी सांगाड्याच्या त्या काळातील इमारतीची थोडीफार कल्पना येईल. सोहोतील ब्रूम स्ट्रीटच्या कोपऱ्यावरील हॉवाउट इमारतीत १८५७ साली ओटिस यांची, माणसे नेणारी पहिली लिफ्ट बसली.

दुसऱ्या महायुद्धानंतर कापडाचा व शिलाईचा धंदा तेथून हळूहळू निघून गेला. मजले ओस पडले, आगी लागू लागल्या. अग्निशामक दलाने त्या भागास 'नरकाचे शंभर एकर' असे नाव दिले. अशा ठिकाणी चित्रकार आणि शिल्पकार राहावयास आले. त्यांना उंच छत, मोठी खिडकी आणि थोडे भाडे हवे होते. बाकीची गैरसोय त्यांनी सोसली. तेथे राहणे बेकायदा होते. तपासनीस आला की बिछाना व चूल लपवावी लागे. १९६१ साली शहराने एवढी सवलत दिली की, आत कलावंत राहतो अशी पाटी बाहेर लावावी, म्हणजे आग लागल्यास बंबवाल्यांना आत माणूस आहे हे कळेल.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. कलावंत येण्यापूर्वीही तो भाग रिकामा नव्हता. चेस्टर रॅपकिन नावाच्या नियोजनतज्ज्ञाने १९६०च्या दशकाच्या आरंभी पाहणी करून दाखविले की, तेथील लहान कारखान्यांवर कितीतरी कामगारांची, विशेषतः काळ्या व पोर्तोरिकन कुटुंबांची, भाकरी अवलंबून होती. त्या पाहणीमुळे इमारती पाडण्याच्या योजनेस आळा बसला. पुढे त्या भागातून उन्नत महामार्ग नेण्याचा बेतही लोकांच्या विरोधामुळे १९६९ साली रद्द झाला. मात्र इमारती टिकल्या तरी कारखाने टिकले नाहीत. म्हणजे एकाच्या गरजेने वाचलेले घर दुसऱ्याच्या वाट्यास आले.

मालकी हक्काची गोष्टही अशीच गुंतागुंतीची आहे. लिथुआनियात जन्मलेला जॉर्ज मॅच्युनस नावाचा कलावंत १९६७च्या सुमारास कलावंतांच्या सहकारी संस्था काढून इमारती घेऊ लागला. वूस्टर स्ट्रीटवरील ८० क्रमांकाची इमारत त्यांपैकीच. हेतू चांगला, पण कायदेशीर कागदपत्रे अपुरी. त्यामुळे राज्याच्या महाधिवक्त्याचा ससेमिरा त्याच्या मागे लागला. १९७५ साली पैशांच्या तंट्यातून त्यास मारहाण झाली आणि एका डोळ्याची दृष्टी गेली. चांगल्या हेतूने कागदाची उणीव भरून निघत नाही, हे त्याच्या आयुष्याने दाखवून दिले.

कलावंतांनी मात्र लपून राहण्यातच समाधान मानले नाही. त्यांनी एकत्र येऊन शहराकडे दाद मागितली आणि १९७१ साली नियम बदलला. ज्यांच्यापाशी शहराच्या सांस्कृतिक खात्याचा कलावंत म्हणून दाखला असेल, त्यांस तेथे राहून काम करण्याची मुभा मिळाली. १९७३ साली सुमारे ५०० इमारतींचा तो भाग ऐतिहासिक म्हणून संरक्षित झाला. मग दुकाने आली, धनिक आले, भाव चढले. डोनाल्ड जड या शिल्पकाराने १९६८ साली स्प्रिंग स्ट्रीटवरील अख्खी पाच मजली इमारत ६८,००० डॉलरांना घेतली होती. आज तेवढ्या पैशांत तेथे एक खोलीही मिळणार नाही. नियम कलावंतांचा राहिला आणि घरे वकिलांच्या व बँकवाल्यांच्या हाती गेली.

आता तो कागद. दाखला नसलेला गिऱ्हाईक आला, म्हणजे त्याच्याकडून लिहून घेण्याची तेथे चाल पडली: 'येथे दाखला असलेल्या कलावंतानेच राहावे, हा नियम मला ठाऊक आहे, त्याचे परिणाम माझ्यावर.' मुलाने विचारले, "फादर, यात खोटे असे काहीच नाही. मग पाप कोठे आहे?"

प्रश्न रास्त होता. आम्ही म्हणालो, "बाळ, शब्द खरे आहेत, पण त्यांचा अर्थ काय होतो? मला नियम माहीत आहे आणि तो मी मोडणार आहे. अज्ञानाची सबब आपल्याच हाताने लिहून काढून टाकायची, आणि वर म्हणायचे, मी खोटे बोललो नाही!"

त्यावर तो म्हणाला, "पण कलावंतांनीही नियम मोडलाच होता की!" हेही खरे. परंतु दोहोंत अंतर आहे. त्यांच्यापाशी दुसरा निवारा घेण्याजोगे पैसे नव्हते. आगीचा धोका त्यांनी अंगावर घेतला. आणि नियम बदलून घेण्यासाठी ते उघडपणे पुढे आले. ज्याच्यापाशी पैसा आहे आणि सरळ वाटही आहे, त्याने त्यांच्या गरजेचे पांघरूण आपल्या सोयीवर घालू नये.

आणि सरळ वाट आता आहे. डिसेंबर २०२१ मध्ये शहराने नियोजनाचे नियम बदलले. कलाकार्यासाठी असलेल्या निधीस एकरकमी रक्कम देऊन अशी जागा सर्वसाधारण राहण्याची जागा करून घेण्याची तरतूद झाली. त्या वेळी दर चौरस फुटास १०० डॉलर असा दर ठरला. तो दर मालकांना जड वाटला आणि प्रकरण न्यायालयात गेले. म्हणून आज नेमके काय लागू आहे, हे विकणाऱ्याच्या दलालास न विचारता स्वतः नेमलेल्या वकिलास विचारावे, असे आम्ही त्यास सांगितले.

आणखीही चार गोष्टी विचारण्यास सांगितल्या. तेथील सहकारी संस्थेत माणूस भिंती विकत घेत नाही. संस्थेचे भाग घेतो आणि राहण्याचा हक्क मिळवितो. म्हणून संस्थेवर कर्ज किती, मासिक आकार किती, हे आधी पाहावे. इमारतीस राहण्याच्या वापराचा दाखला आहे की अजून कारखान्याचाच आहे? लोखंडी दर्शनी भाग गंजला असल्यास तो संरक्षण आयोगाच्या परवानगीनेच दुरुस्त करावा लागतो, आणि खर्च सर्व भागधारकांवर पडतो. सर्वांत महत्त्वाचे, १९८२च्या लॉफ्ट कायद्याने संरक्षण मिळालेला एखादा वृद्ध भाडेकरू त्या छपराखाली आहे काय? असल्यास त्याच्या जाण्याची वाट पाहत राहणारा शेजारी आपल्याला व्हायचे आहे काय?

दोन आठवड्यांनी बाई पुन्हा आल्या. मुलाने सही केलेली नव्हती. जागेचा वापर रीतसर बदलून घेण्यास संस्था तयार आहे का, असे त्याने लेखी विचारले होते, आणि तो खर्च धरून किंमत कमी करण्यास विकणाऱ्यास सांगितले होते. विकणारा रागावला होता. घर कदाचित दुसऱ्या कोणाच्या पदरात पडेल.

"गेले तर जाऊ दे, फादर," बाई म्हणाल्या. "पण रात्री दारावर थाप पडली, तर माझ्या मुलाच्या छातीत धडकी भरू नये."

बिछाना लपविणाऱ्या त्या जुन्या कलावंतांनाही अखेर हेच हवे होते. आमच्यापाशी याहून शहाणा सल्ला नव्हता.