उसनें इंटरनेट आणि घरचा नेम

विद्येचीं साधनें काळाबरोबर पालटतात. परंतु साधन ज्याच्या मालकीचें, त्याच्या सवडीवर विद्यार्थ्याचा अभ्यास अवलंबून राहातो, ही गोष्ट मात्र पालटत नाहीं. पूर्वीं घरांत एकच कंदील असे व त्याच्याच उजेडांत स्वयंपाक, हिशेब आणि अभ्यास हीं तिन्ही कामें उरकावीं लागत. आज भिंगारांतील पुष्कळ घरीं कंदिलाची ती जागा मोबाईल फोननें घेतली आहे. घरांत तारेची जोडणी नसते. मुलांसाठीं लॅपटॉप कसाबसा घेतलेला असतो. आणि त्यास इंटरनेट मिळावयाचें तें वडिलांच्या किंवा आईच्या फोनमधून. या उसन्या जोडणीविषयीं विद्यार्थी व पालक या दोघांनींहि कांहीं विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

भारतांत सर्वसामान्य लोकांसाठीं इंटरनेटची सेवा विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू केली. त्या वेळीं टेलिफोनच्या तारेवांचून ती घरीं येत नसे. आतां फोन टॉवरकडून येणाऱ्या लहरी स्वतःच घेतो, आणि त्यांतील हॉटस्पॉट सुरू केला म्हणजे तीच जोडणी वाय-फायच्या रूपानें जवळच्या लॅपटॉपास देतो. यूएसबी केबलनेंहि हें काम होतें. तींत जोडणी अधिक स्थिर राहाते व फोनहि थोडाबहुत चार्ज होत राहातो. ब्लूटूथनें जोडतां येतें, पण त्याचा वेग मंद असतो. कोणी विचारील कीं, फोनवर सर्व कांहीं दिसत असतां लॅपटॉपची जरूर काय? दोन ओळींचा निरोप आणि चार पानांचा निबंध यांत जें अंतर आहे, तेंच या दोन यंत्रांत आहे. वाचण्यास फोन पुरतो. परंतु लिहिण्यास, लिहिलेलें सुधारण्यास व लांबलचक अर्ज भरण्यास मोठा पडदा आणि कळफलक हवा. अकरावीचा प्रवेश २०२५-२६ या वर्षापासून साऱ्या महाराष्ट्रांत ऑनलाईन झाला आहे, हें दहावीच्या पालकांनीं ध्यानांत घ्यावें.

खरी अडचण यंत्राची नव्हे, माणसांची आहे. वडील सकाळीं कामावर निघाले कीं त्यांच्या खिशांतून घरचें इंटरनेटहि निघून जातें आणि मेजावरचा लॅपटॉप मुका होऊन बसतो. त्यांतून भिंगार हें छावणीचें गांव. ज्या घरचा कर्ता पुरुष फौजेंत दूर ठाण्यावर आहे, तेथें आईच्या फोनवरच त्याचा कॉल यावयाचा असतो. तो फोन तासन् तास मुलांच्या हातीं देणें तिच्या जिवावर येतें. मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या, तेव्हां एक फोन आणि दोन-तीन मुलें हें संकट कित्येक घरांनीं सोसलें. शाळा पुन्हां उघडल्या, पण तें संकट पुरतें टळलेलें नाहीं.

यावर माझें मत असें कीं, प्रत्येक घरानें फोनचा एक तास अभ्यासासाठीं नेमून द्यावा व तो जेवणाच्या वेळेप्रमाणें पाळावा. त्या तासांत भावाबहिणींची पाळी सारखी असावी. पुष्कळ घरीं मुलाचें काम आधीं होतें आणि मुलीची पाळी येईतों डेटा संपतो, नाहीं तर तिला भांड्यांकडे वळावें लागतें. एकोणिसाव्या शतकांत मिस सिंथिया फरार यांनीं ज्या नगरांत मुलींच्या शाळा चालविल्या, त्या नगराशेजारच्या गांवीं तरी असें घडूं नये.

विद्यार्थ्यांचेंहि कर्तव्य आहे. उसनी वस्तु जपून वापरावी, हा धडा त्यांनीं येथें गिरवावा. लॅपटॉपास ही जोडणी अमर्याद वाटते व तो आपल्या सुधारणा निमूटपणें उतरवूं लागतो; म्हणून विंडोजमध्यें ती 'मीटर्ड कनेक्शन' म्हणून नोंदवावी. दिवसाचा डेटा पुष्कळदां दीड-दोन जीबी असतो, आणि मोठ्या आकाराचा एकच तासभर व्हिडिओ त्यांतील एक जीबी गिळूं शकतो. धडा लहान आकारांत पाहिला तर निम्म्याहूनहि कमी लागतो. जें वाचावयाचें तें एकदम उतरवून घ्यावें, जोडणी तोडावी आणि मग निवांत लिहीत बसावें. शुभवर्तमानांतील दहा कुमारिकांपैकीं पांचजणींनीं तेल बरोबर घेतलें होतें, हें विसरूं नये. हॉटस्पॉटचा पासवर्ड शेजारीं वाटीत सुटूं नये, आणि फोन परत देतांना तो चार्ज करून द्यावा. सकाळीं तो कोणाच्या तरी पोटापाण्याच्या कामीं यावयाचा असतो.

कित्येक पालक म्हणतात, "मुलांच्या हातीं इंटरनेट न देणेंच बरें." त्यांची भीति खोटी नाहीं, मोहाचीं स्थळें तेथें पावलोपावलीं आहेत. परंतु केरळांत वसतिगृहांतील मुलींस अभ्यासाच्या वेळीं मोबाईल वापरण्यास बंदी झाली, तेव्हां त्या राज्याच्या उच्च न्यायालयानें १९ सप्टेंबर २०१९ रोजीं इंटरनेट मिळणें हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग ठरविला. हक्क मान्य करून त्याला शिस्त लावणें हेंच वडीलधाऱ्यांचें काम होय. लॅपटॉप बंद खोलींत न ठेवतां माजघरांत, सर्वांच्या दृष्टीसमोर ठेवला, तर अर्धी राखण आपोआप होते.

तरीहि कांहीं घरें अशीं उरतात, जेथें रात्रपाळीमुळें फोन संध्याकाळीं घरीं येतच नाहीं, किंवा लॅपटॉपच नाहीं. त्या मुलांस काटकसरीचा उपदेश करणें म्हणजे उपाशी माणसास मिताहार शिकविणें होय. त्यांच्यासाठीं प्रत्येक शाळेनें शाळा सुटल्यावर ग्रंथालय दोन तास उघडें ठेवावें व तेथील संगणक त्यांस प्रथम द्यावे. फोनची जोडणी ही गरजेपुरती सोय आहे; तिच्या भरंवशावर शाळेनें आपली जबाबदारी घरांवर ढकलूं नये. पालकांनीं घरचा तास द्यावा, विद्यार्थ्यांनीं तो सार्थकीं लावावा, आणि ज्यांच्या घरीं तो तास नाहीं त्यांना शाळेनें तो द्यावा.