विकतची हौस

‘हौस’ या आपल्या साध्या घरगुती शब्दाची अलीकडे फार विटंबना चालली आहे. दिवाळीच्या चार दिवसांत भांडण उकरून काढू नये, हे मला कळते. पण वाचकहो, हा विषय दिवाळीचाच आहे, आणि फराळाचे ताट पुढे असले म्हणजे माणसे जरा समजुतीने ऐकून घेतात असा माझा अनुभव आहे. तेव्हा भांडते.

हौसेला मोल नाही, असे आपण पिढ्यानपिढ्या म्हणत आलो. आता तिला मोल आले आहे, आणि ते खोक्याच्या पाठीवर ‘सर्व करांसहित’ छापलेले असते. केक घरी केल्याची हौस फिटावी म्हणून मैदा, साखर, सोडा, सारे आधीच मिसळून पुड्यात मिळते. घेणाराने दूध ओतायचे आणि चमचा फिरवायचा. घरात एखादे जुने कपाट असावे अशी हौस असेल, तर कोऱ्या कपाटाच्या कडा कारखान्यातच घासून, रंगाचे पोपडे उडवून, ते आजोबांच्या काळातले दिसेल अशी व्यवस्था करतात. विजार तर गुडघ्यावर फाडूनच मिळते. धडक्या विजारीपेक्षा फाटकीला दाम जास्त! माझी आजी असती तर दुकानदाराला सुई-दोरा देऊन आली असती.

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट असती तर मी लेखणी हाती घेतली नसती. जीन्सचे कापड बरीच वर्षे वापरल्यासारखे फिके दिसावे म्हणून त्यावर यंत्राने जोरात वाळूचा फवारा मारण्याची एक रीत होती. तुर्कस्तानात अशा कारखान्यांत कोवळी तरुण मुले हे काम करीत. वाळूची बारीक धूळ त्यांच्या फुप्फुसांत जाऊन बसली आणि सिलिकोसिस झाला. खाणीत, दगड फोडण्याच्या कामात होणारा हा रोग; त्यावर उतारा नाही. कित्येक जण त्यात गेले. अखेर २००९ साली तुर्कस्तानने ही रीत बंद केली. म्हणजे पाहा, जो जुनेपणा तुमच्या-आमच्या घरी धुण्याच्या दगडावर फुकट येतो, तो विकत देण्यासाठी कोणाचा तरी श्वास गेला. खोट्या हौसेचे असे खरे मोल असते, आणि ते खोक्यावर छापलेले नसते.

आता खरी हौस कशाला म्हणतात ते सांगते. माझ्या लहानपणी आमच्या घरी ओव्हन नव्हता. आळीतही कोणाकडे नव्हता. दिवाळीच्या आठ दिवस आधी नानकटाईचा बेत ठरे. आई परातीत तूप आणि पिठीसाखर घेऊन तळहाताने फेसायला बसे. तूप पांढरेशुभ्र, हलके होईपर्यंत हात थांबायचा नाही. एकीचा हात दुखला की दुसरीने बसायचे. मग मैदा, थोडा रवा, वेलची. गोळ्याचा डबा घेऊन आम्ही मुले गावातल्या भट्टीवर जायचो. भट्टीवाला पत्रे पुढे टाकी. त्यावर गोळे थापून ओळीने मांडायचे आणि नंबराची वाट पाहायची. लांब दांड्याच्या फळीवरून पत्रा आत जाई. दार उघडले की जो वास येई, त्यासाठी तरी भट्टीपुढे तास-तास उभे राहायला आमची ना नसे. कोणाची नानकटाई पसरली, कोणाची फुटली, कोणी तुपात हात आखडता घेतला, याचा सगळा निकाल तिथेच चारचौघांत लागे. भट्टीवाला घाणा भाजण्याची मजुरी घेई. सामान आमचे, मेहनत आमची, फजितीही आमची.

रसायनशास्त्राचा पहिला धडा मी त्या भट्टीपुढे शिकले. नानकटाईत पाणी का घालायचे नाही? पाणी लागले आणि मळले की मैद्याला चिवटपणा येतो. तूप पिठाच्या कणाकणाला वेढून बसते आणि तो चिवटपणा येऊ देत नाही. म्हणून ती खुसखुशीत होते. चकलीत, शंकरपाळ्यांत कडकडीत मोहन घालतात ते याचसाठी. दह्याच्या केकमध्ये सोडा का फुलतो? दह्यातले आम्ल त्याला भेटते, वायू सुटतो, आणि पीठ वर येते. हे ज्या मुलाने स्वतःच्या हाताने केले त्याला पाठ करावे लागत नाही. पुड्यावर ‘दूध घाला व ढवळा’ एवढेच वाचलेल्या मुलाला फक्त वाचता येते हे सिद्ध होते.

गोव्यात बेबिंक करताना पाहावे. नारळाचे दूध, अंड्यांतला पिवळा बलक, साखर, थोडा मैदा, तूप. एक पातळ थर ओतायचा, वरून निखाऱ्यांची धग द्यायची, तो तांबूस झाला की तुपाचा हात फिरवून त्यावर दुसरा. असे सात थर तर हवेतच. हौशी घरात सोळाही करतात. अख्खी दुपार त्यात जाते. त्या दुपारी त्या बायका काय काय बोलतात ते इथे छापता येणार नाही. पण ते बोलणे बेबिंकचाच भाग आहे, आणि ते डबाबंद मिळत नाही.

भट्टीच्या आठवणी काढल्या की कोणी तरी धुराचा मुद्दा आणतो. धूर वाईटच. लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फर्मावले, त्यात मला गैर काही वाटत नाही. नानकटाई लाकडावरच भाजली पाहिजे असा माझा हट्ट नाही. विजेच्या भट्टीतही ती फुलते. माझे म्हणणे एवढेच, की गिऱ्हाइकाने स्वतःचा डबा घेऊन यावे आणि भाजून न्यावे, हा व्यवहार संपत चालला तो न्यायालयामुळे नव्हे. तो आपण जायचे सोडले म्हणून.

लाकडी सामानाचीही हीच कथा. आमच्या घरात एक जाळीचे कपाट आहे. पूर्वी दूध-दुभते त्यात असे. मुंग्या चढू नयेत म्हणून चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या. फ्रीज आल्यावर ते अडगळीत गेले. निवृत्तीनंतर मी ते बाहेर काढले. जुना रंग पॉलिशपेपरने घासून काढायला पाच दिवस लागले. खाली सागवान निघाले! मग स्पिरिटमध्ये चपडा, म्हणजे लाख, विरघळवून कापडाच्या बोळ्याने हात दिले: एक वाळला की पुन्हा घासायचे, पुन्हा दुसरा. आज त्यात नातवंडांची पुस्तके आहेत, आणि जाळीमुळे त्यांना कुबट वास येत नाही. शेजारच्या घरी त्याच सुमारास नवे कपाट आले. लाकडाचा भुसा डिंकासारख्या रसायनात दाबून केलेल्या फळ्यांचे, वर छान गुळगुळीत कागद. एका पावसाळ्यात खिडकीतून पाणी आले, फळी पावासारखी फुगली. सुताराने बिजागरीचा स्क्रू पुन्हा बसवू पाहिला तर भोकातून भुसा गळू लागला. दुरुस्त करता येत नाही, अशीच ती वस्तू घडवलेली असते. ती मोडते तेव्हा तिच्यात बिघाड झालेला नसतो. तिचे काम फत्ते झालेले असते, कारण आता तुम्ही दुसरी घेणार.

आणि वेताची खुर्ची! वेताच्या पट्ट्या पाण्यात भिजवून विणायच्या, म्हणजे वाळताना त्या ताणून बसतात. दोन फेऱ्या उभ्या, दोन आडव्या, मग दोन तिरप्या; सहा फेऱ्यांत ती मधाच्या पोळ्यासारखी जाळी उमटते. हे काम अंधशाळांतून शिकवीत, कारण ते डोळ्यांपेक्षा बोटांचे काम आहे. आणि कचेऱ्यांतल्या, रेल्वेतल्या खुर्च्या विणण्याच्या नोकऱ्या कित्येक अंधांना त्या जोरावर मिळाल्या. प्लॅस्टिकची खुर्ची स्वस्त पडते असे म्हणणाऱ्याने तो हिशेबही मांडावा. विणलेली बैठक फाटली की पुन्हा विणता येते आणि सांगाडा तोच राहतो. प्लॅस्टिकच्या खुर्चीचा पाय एकदा तडकला की तिला जाळणेही वाईट आणि पुरणेही वाईट.

कपड्यांविषयी थोडक्यात सांगते, कारण त्या विषयावर बायका लिहू लागल्या की संपादक घाबरतात. आपल्या भाषेत ‘जुनेर’ असा एक मायेचा शब्द आहे. तान्ह्या बाळाला पहिल्यांदा जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळीत, कारण कोऱ्या कापडाची खळ त्या कातडीला बोचते. सूत जितके धुवाल तितके मऊ होते. फ्रॉकच्या घोळाला आत दोन बोटे दुमड ठेवीत आणि मुलगी वाढली की उसवून सोडीत. त्या जुन्या दुमडीची गडद रेघ हीच तिची वाढ मोजण्याची पट्टी. पुढे जुनेराची गोधडी, गोधडीचे फडके. आवडता कपडा असा घरातल्या घरात रूप पालटीत राही, आणि बोहारणीच्या वाट्याला जे जाई त्यावरही तासभर घासाघीस होई. आता सूत आणि पॉलिएस्टर एकत्र कातलेले कापड मिळते. ते दोन धागे पुन्हा वेगळे करणे फार कठीण. असा कपडा गोधडीलाही नको आणि फडक्यालाही नको. तो शिवणाऱ्यांचे काय होते, तेही जगाने पाहिले आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ साभार येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसे दगावली. भिंतीला तडे आदल्याच दिवशी दिसले होते. तरी त्यांना कामावर बोलावले, कारण माल वेळेवर जायचा होता.

आता माझ्या विरोधकांकडे वळते. ‘तुमच्या तासाची किंमत काढा आणि मग घरी केक परवडतो का ते सांगा,’ असे म्हणणारे हिशेबी गृहस्थ मला फार त्रास देत नाहीत. त्यांनी वाचवलेल्या तासांचे पुढे काय होते, हे त्यांच्या हातातला चौकोनी दिवा संध्याकाळभर सांगतच असतो. २०२० च्या टाळेबंदीत याच गृहस्थांच्या घरांत पाव भाजले गेले, केक फुगले, खुर्च्यांना रंग लागले. हात काम विसरले नव्हते. पुढे बाजार उघडला आणि हौस पुन्हा खोक्यात गेली.

मला घाम फुटतो तो माझ्या मैत्रिणींपुढे. त्या विचारतात, ‘बायकांना पुन्हा परातीपाशी बसवायचे आहे का तुला? तुझ्या आईला ती हौस होती की दुसरा इलाजच नव्हता?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याला बगल देऊन मी नानकटाईचे गोडवे गाणार नाही. २०१९ साली सरकारने माणसांच्या वेळेची पाहणी केली. घरातले बिनमोलाचे काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवीत होत्या, आणि पुरुष ९७. पुरुषांपैकी तर जेमतेम चौथा हिस्सा त्या कामाला हात लावीत होता! म्हणजे पाच तास राबणूक आधीच अंगावर, आणि वर हौस करायची ती कधी?

पण म्हणून हौसच टाकून द्यावी, हा उलटा न्याय झाला. राबणूक आणि हौस यांतला फरक मला साधा दिसतो. ‘आज मी करणार नाही’ असे म्हणता येते ती हौस; म्हणता येत नाही ती राबणूक. नानकटाई दोन्ही असू शकते. आईने फेसलेल्या तुपात काही वर्षी हौस होती आणि काही वर्षी नुसती राबणूक होती. मी जवळ बसले होते, मला ठाऊक आहे. तेव्हा भांडायचे असेल तर त्या २९९ मिनिटांच्या वाटणीसाठी भांडू या. बाजाराने यावर काय तोड काढली? राबणूक आहे तिथेच ठेवली आणि हौस मात्र आपल्याकडून काढून घेऊन आपल्यालाच विकली. रोजची पोळी-भाजी, धुणे, झाडलोट अजून बाईकडेच. विकत आले ते शंकरपाळे. यात मुक्ती ती कोणाची झाली?

पुरुष वाचकांनी इथे पान उलटू नये. दिवाळीत एखादे दिवशी तुम्ही ‘आज मी करतो’ म्हणून स्वयंपाकघरात शिरता, घरातले एकूण एक पातेले काढता, आणि कौतुक ऐकत बाहेर येता. हौस तुमची फिटते. पातेली आमच्याकडे राहतात. ही वाटणी मी वाटणी मानीत नाही. पातेली घासूनच बाहेर यावे.

हे एकट्या-दुकट्या घराने होणार नाही, हेही मी जाणते. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात रंधा कुठे ठेवायचा आणि ओव्हन कुठे? आमस्टरडॅम शहरात २००९ मध्ये काही लोकांनी मोडक्या वस्तू घेऊन एकत्र जमायला सुरुवात केली. ज्याला येते त्याने दुसऱ्याला दुरुस्त करायला शिकवायचे, सोबत कॉफी. अशी दुरुस्तीची ठिकाणे पुढे देशोदेशी निघाली. आपल्याकडे तर हे निराळे शिकायला नको होते. आपल्या भट्टीपुढे दुसरे काय चालत असे? म्हणून गेल्या वर्षी मी आमच्या सोसायटीच्या सभेत ठराव मांडला: तळमजल्यावरची रिकामी खोली घ्यावी, तीत एक मोठा ओव्हन, एक शिवणयंत्र, सुताराचे एक बाक ठेवावे, किल्ली पहारेकऱ्याकडे असावी, वापरणाराने विजेचे पैसे भरावेत आणि झाडून जावे. ‘वापरणार कोण?’ असे तिघांनी विचारले. ‘मी,’ म्हटले. ‘आणखी कोण?’ दुसऱ्या मजल्यावरचा नववीतला मुलगा उभा राहिला. त्याला सायकलचे चाक उघडून पाहायचे होते आणि त्याची आई घरात उघडू देत नव्हती. दोघांची मते पुरत नाहीत म्हणून ठराव पडला. त्या खोलीत सध्या गणपतीचा मांडव आणि चाळीस तडकलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत. यंदाच्या सभेची नोटीस लागली आहे. मी ठराव पुन्हा दिला आहे, खाली आता पाच सह्या आहेत, आणि सभेला मी नानकटाईचा डबा घेऊन जाणार आहे. तो मते मोजून झाल्यावर उघडेन.