लुंबिनीला पहिल्यांदा जाताना: यात्रेच्या बसने की आपापले?

धान चुरून झाले, खरेदी केंद्रावर काटा झाला, की पवनी, लाखांदूर, साकोलीकडच्या गावांत यात्रेच्या बसची बोलणी सुरू होतात. बोधगया, राजगीर, कुशीनगर, श्रावस्ती, सारनाथ आणि मध्येच सीमेपलीकडची लुंबिनी. भंडारा जिल्ह्यातल्या कितीतरी बौद्ध कुटुंबांसाठी आयुष्यातला पहिला परदेश हाच. १९५६ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते, हे इथल्या घरांत ठाऊक असते. पवनीच्या टेकडीखाली प्राचीन स्तूप निघाला, हेही ठाऊक असते. ओढ जुनी आहे. प्रश्न उरतो तो जायचे कसे, याचा.

बसच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. स्वयंपाकी, तांदूळ, गॅस सारे बसमध्येच असते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या आजीला रोज वेळेवर वरण-भात मिळतो. बोली समजत नाही म्हणून कोणी एकटे पडत नाही. भारतीय बस नेपाळात न्यायची तर सीमेवर भन्सार, म्हणजे जकात, भरून परवाना काढावा लागतो. ती यातायात आयोजकाची. २०२५ च्या सप्टेंबरात काठमांडूत आंदोलन पेटले, विमानतळ बंद झाला, अनेक भारतीय प्रवासी अडकले. अशा वेळी सोबत चाळीस माणसे असणे ही लहान गोष्ट नाही.

पण बसचा तोटाही तिथेच दिसतो, जिथे पोचण्यासाठी एवढा खटाटोप केला. बहुतेक बसना घाई असते. मायादेवी मंदिर, अशोकस्तंभ, पुष्करिणी, फोटो, चला गाडीत. लुंबिनी एवढ्यात उरकत नाही. मंदिराच्या उत्तरेला लांबच लांब कालवा आहे. त्याच्या एका अंगाला थेरवादी देशांचे विहार, दुसऱ्या अंगाला महायानी. हा आराखडा जपानी वास्तुकार केन्झो तांगे यांचा, १९७८ चा. पायी फिरले तर दिवस जातो. ई-रिक्षा केली तरी अर्धा दिवस हवाच. पश्चिमेला तिलौराकोट आहे, शाक्यांची कपिलवस्तू म्हणून दाखवतात ती जागा. बसच्या कार्यक्रमात तिचे नाव क्वचितच असते. ज्याने पवनीच्या विटा पाहिल्या आहेत, त्याला तिलौराकोटच्या तटाजवळ उभे राहिल्यावर काय वाटेल, याचा विचार आयोजक करत नाही. त्याने करावा, असे आम्हांला वाटते.

आपापले जाणे वाटते तितके अवघड नाही. नागपूरहून गोरखपूरची रेल्वे, तिथून सुमारे तीन तासांवर सीमेवरचे सोनौली, कमानीतून पायी पलीकडे, भैरहवाहून लुंबिनीची बस. व्हिसा लागत नाही. ओळखपत्र मात्र पक्के हवे: पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार कार्ड. आधारवर भागवता येते ते पंधराच्या आतल्यांना आणि पासष्टीच्या पुढच्यांना. आपल्याकडची जुनी मतदार कार्डे घरी एकदा उजेडात धरून पाहावीत. फोटो काळवंडलेला, लॅमिनेशन सुटलेले, वडिलांचे नाव एक आणि आधारवर दुसरे. ही दुरुस्ती निघण्याच्या आठवड्यात होत नाही. महिना-दोन महिने आधी अर्ज करावा.

सीमेपलीकडे पैशांचा घोळ सगळ्यांत जास्त. दर ठरलेला आहे, शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी. दुकानदार ‘पाचशे’ म्हणाला तर आधी विचारायचे, आयसी की एनसी? आयसी म्हणजे आपले, एनसी म्हणजे त्यांचे. न विचारता पाचशेची नोट पुढे केली, तर तीनशे तेराच्या आसपासचा माल पाचशेला पडतो. मोठ्या भारतीय नोटांचे नियम तिथे बदलत आले आहेत. म्हणून शंभराच्या नोटांची गड्डी बरोबर असावी. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे. सीमा ओलांडताच आपले सिम मुके होते, तेव्हा घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.

हंगामाचेही पाहावे. चुरणीनंतर हात रिकामे होतात, पण डिसेंबर-जानेवारीत गोरखपूरकडे धुके इतके दाट की गाड्या तासन्‌तास रखडतात. बुद्धपौर्णिमेला उकाडा आणि गर्दी. फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य हा बरा काळ. फक्त ज्यांच्या बांधीत उन्हाळी धान आहे, त्यांना तेव्हा निघणे जड जाते.

आमचे मत असे. साठीपुढचे, औषधे चालू असलेले, लांबच्या प्रवासाची सवय नसलेले यांनी बसनेच जावे, त्यात कमीपणा नाही. तिशीतल्या जोडप्याने, दोघा-तिघा मित्रांनी आपापले जावे. पण बसने जाणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी कबूल करून घ्याव्यात. लुंबिनीत एक रात्र मुक्काम. आणि ओळखपत्रे ज्याची त्याच्याजवळ. ‘हरवतील’ म्हणून सगळ्यांची कार्डे एका पिशवीत गोळा करण्याची पद्धत आहे. ती पिशवी पुढच्या गाडीत गेली की मागचे सीमेवर ताटकळतात. आयोजक मुक्कामाला नाही म्हणाला, तर दुसरी बस बघावी. अगदी त्याच बसने जायचे असेल, तर निदान पहाटे मंदिर उघडताना तिथे पोचवण्याचे त्याच्याकडून लिहून घ्यावे.